स्टिअरिंगवरचा गिअर: दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी कशी चालते आणि ती कशी जुळवावी

जुन्या मोटारीतील स्टिअरिंगवरचा गिअर अडखळू लागला की बहुतेक मालकांचा पहिला संशय गिअरबॉक्सवर जातो, आणि गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च ऐकला की गिअरचा दांडा स्टिअरिंगवरून काढून मोटारीच्या जमिनीवर, म्हणजे फ्लोअरवर, घ्यावा असा विचार मनात येऊ लागतो. माझ्या मते हे दोन्ही निर्णय घाईचे असतात. गिअर न मिळणे, मधेच अडकणे किंवा पडलेला गिअर सुटून येणे या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या बाहेर, म्हणजे दांडा आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या रॉड, बुश (सांध्यात पिनेभोवती बसणारी छोटी नळी) आणि पिनांमध्ये असते. ही जोडणी समजून घेतली, तर ती साध्या हत्यारांनी घरच्या अंगणातही जुळवता येते. त्यासाठी आधी तिचे काम कसे चालते हे नीट पाहिले पाहिजे, कारण न समजता नट फिरवणाऱ्याच्या हातून ही जोडणी सुधारण्याऐवजी बिघडण्याचीच शक्यता अधिक असते.

अमेरिकेत १९३८ च्या सुमारास कॅडिलॅक आणि पाँटिअॅक यांनी गिअरचा दांडा जमिनीवरून उचलून स्टिअरिंगच्या खांबावर, म्हणजे कॉलमवर आणला, आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या बहुतेक मोटारींनी हीच पद्धत स्वीकारली. पुढच्या बाजूला सलग बाकासारखी सीट असावी आणि तिच्यावर तिघांना पाय मोकळे ठेवून बसता यावे, हे त्यामागचे मोठे कारण होते. इटलीतील फियाट ११०० मध्येही हीच मांडणी आली आणि तिच्यामार्फत ती आपल्याकडे सर्वांत खोलवर रुजली. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या फियाट ११०० डिलाइट आणि पुढे १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकल्या गेलेल्या गाड्या मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींचे रूप बनून राहिल्या. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली, तरी खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी, तसेच चाळीस आणि पन्नासच्या दशकांतील डॉज, प्लिमथ आणि शेव्हरोले महाराष्ट्रात आजही धावताना दिसतात. त्या सर्वांच्या गिअरमागचे तत्त्व एकच आहे, फक्त तपशील वेगळे आहेत.

एका दांड्याची दोन कामे

कोणत्याही गिअरबॉक्सला चालकाकडून दोन गोष्टी कळाव्या लागतात. पहिली गोष्ट म्हणजे कोणती जोडी हवी आहे, पहिला-रिव्हर्सची की दुसरा-तिसऱ्याची, आणि दुसरी म्हणजे त्या जोडीतील कोणता गिअर हवा आहे. जमिनीवरच्या दांड्यात ही दोन्ही कामे दांडा आडवा आणि उभा हलवून होतात आणि दांड्याचे खालचे टोक थेट गिअरबॉक्समध्येच असल्यामुळे मध्ये काही लागत नाही. कॉलमवरच्या दांड्याला मात्र तीच दोन कामे दोन वेगवेगळ्या हालचालींनी करावी लागतात. दांडा चालकाकडे ओढणे किंवा त्याच्यापासून दूर ढकलणे ही जोडी निवडण्याची हालचाल, तर दांडा वर किंवा खाली फिरवणे ही गिअर टाकण्याची हालचाल होय.

तीन गिअरच्या अमेरिकी मांडणीत दांडा चालकाकडे ओढून वर नेला की रिव्हर्स पडतो आणि तसाच ओढलेला ठेवून खाली आणला की पहिला गिअर मिळतो. दांडा सोडून दिला की स्प्रिंगच्या जोरावर तो आपोआप दुसऱ्या-तिसऱ्याच्या बाजूला जातो, मग वर दुसरा आणि खाली तिसरा. धावत्या गाडीला ज्या दोन गिअरची वारंवार गरज लागते त्यांच्याकडे दांडा स्वतःहून जावा आणि रिव्हर्ससाठी मात्र मुद्दाम ओढावे लागावे, अशी ही विचारपूर्वक केलेली रचना आहे. पद्मिनीमध्ये चार पुढचे गिअर आणि रिव्हर्स असल्यामुळे जागांची मांडणी वेगळी आहे, तरी आत-बाहेर म्हणजे निवड आणि वर-खाली म्हणजे गिअर टाकणे, हा नियम तिथेही तसाच लागू होतो.

दांड्याचे आतले टोक कॉलमच्या डोक्याशी एका पिनेवर झुलते. मूठ आपल्याकडे ओढली की हे टोक कॉलमला समांतर जाणाऱ्या एका लांब शाफ्टला वर किंवा खाली सरकवते, आणि दांडा वर-खाली केला की तोच शाफ्ट स्वतःभोवती फिरतो. म्हणजे एकच शाफ्ट सरकतोही आणि फिरतोही. काही गाड्यांत हा शाफ्ट कॉलमच्या बाहेरून उघडा जातो, काहींत तो स्टिअरिंगच्या शाफ्टभोवती नळीच्या रूपात लपलेला असतो. यापुढे ही दोन कामे गिअरबॉक्सपर्यंत कशी पोहोचतात यावरून जोडणीचे दोन प्रकार पडतात, आणि काम हाती घेण्याआधी आपल्या गाडीत त्यांपैकी कोणता आहे हे ओळखणे आवश्यक आहे.

दोन आर्मची जोडणी

पहिला प्रकार पन्नास आणि साठच्या दशकांतील तीन गिअरच्या शेव्हरोले आणि फोर्ड गाड्यांत सर्रास आढळतो. त्यात निवडीचे काम कॉलमच्या पायथ्याशीच उरकते. तिथे शाफ्टवर दोन आर्म, म्हणजे बाहेर आलेल्या छोट्या पट्ट्या, एकमेकांना चिकटून बसवलेले असतात. एक पहिल्या-रिव्हर्ससाठी, दुसरा दुसऱ्या-तिसऱ्यासाठी. हे दोन्ही आर्म शाफ्टवर मोकळे फिरू शकतात, मात्र शाफ्टला एक आडवी पिन पक्की बसवलेली असते आणि प्रत्येक आर्मच्या आतल्या बाजूला त्या पिनेच्या मापाची खाच असते. शाफ्ट सरकला की पिन एका आर्मच्या खाचेतून निघून दुसऱ्याच्या खाचेत शिरते, आणि मग शाफ्ट फिरवला की ज्याच्या खाचेत पिन आहे तोच आर्म फिरतो. दुसरा जागच्या जागी राहतो. प्रत्येक आर्मपासून एकेक रॉड निघून गिअरबॉक्सच्या बाजूच्या झाकणावरील त्याच्या जोडीच्या आर्मला जाऊन मिळतो, आणि तो आर्म आतील काटा, म्हणजे शिफ्ट फोर्क, पुढे-मागे सरकवतो.

या मांडणीचे सगळे यश एका गोष्टीवर अवलंबून असते. दोन्ही आर्म न्यूट्रलमध्ये असताना त्यांच्या खाचा अगदी समोरासमोर आल्या पाहिजेत, कारण पिनेला एकीतून दुसरीत जाण्याची वाट फक्त त्याच क्षणी खुली असते. एक आर्म थोडा जरी पुढे किंवा मागे राहिला, तर पिन खाचेच्या कडेवर आदळते आणि चालकाला दांडा दगडासारखा घट्ट लागतो. याहून वाईट प्रकार म्हणजे पिन अर्धी एका खाचेत आणि अर्धी दुसऱ्या खाचेत अडकणे. अशा वेळी शाफ्ट दोन्ही आर्म एकदम फिरवू पाहतो, पण गिअरबॉक्समध्ये दोन गिअर एकाच वेळी पडू नयेत म्हणून बसवलेला अडसर त्याला रोखतो आणि दांडा कोणत्याच बाजूला हलत नाही. भर चौकात गाडी बंद पडल्याचा भास होतो तो यामुळे, प्रत्यक्षात गिअरबॉक्सला काहीही झालेले नसते.

निवडणारा रॉड आणि गिअर टाकणारा रॉड

दुसऱ्या प्रकारात निवड कॉलमच्या पायथ्याशी न होता गिअरबॉक्सच्या आत होते. शाफ्टची सरकण्याची हालचाल एक रॉड किंवा केबल घेऊन जाते, तर फिरण्याची हालचाल दुसरा रॉड नेतो. गिअरबॉक्सवरील एक आर्म आतील बोट योग्य रेलसमोर (काटा ज्यावर बसलेला असतो त्या सरकत्या दांडीसमोर) आणून ठेवतो आणि दुसरा त्या रेलला पुढे-मागे ढकलतो. चार गिअरच्या गाडीला हीच पद्धत सोयीची पडते, कारण पहिला-दुसरा, तिसरा-चौथा आणि रिव्हर्स अशा तीन रेल झाल्यावर कॉलमच्या पायथ्याशी तीन आर्म एकावर एक रचणे अवघड होते. पद्मिनीचे लिंकेज, म्हणजे दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची ही जोडणी, याच घराण्यातले आहे. इथे पिन दोन खाचांमध्ये अडकण्याचा प्रश्न उद्भवत नाही, मात्र निवडणाऱ्या रॉडची लांबी थोडी चुकली की एका टोकाचा गिअर, बहुतेक वेळा रिव्हर्स किंवा पहिला, मिळेनासा होतो.

थोडासा ढिलेपणा एवढा मोठा का भासतो

दांड्याची मूठ कॉलमपासून सुमारे ३० सेंटिमीटर लांब आणि खालच्या आर्मची लांबी ६ सेंटिमीटर धरली, तर मुठीच्या प्रत्येक ५ मिलिमीटर हालचालीमागे रॉड फक्त १ मिलिमीटर सरकतो. यामुळे चालकाला कमी जोर लावावा लागतो, पण त्याची किंमत अशी की रॉडमधला १ मिलिमीटरचा ढिलेपणा मुठीवर ५ मिलिमीटर होऊन येतो. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सहा सांधे असतील आणि प्रत्येकात केवळ अर्धा मिलिमीटर झीज असेल, तरी एकूण ३ मिलिमीटर वाया जातात. गिअर पूर्ण पडण्यासाठी रॉडला १५ मिलिमीटर सरकणे आवश्यक असेल तर त्यातला पाचवा हिस्सा असा मधेच हरवतो, काटा पूर्ण प्रवास करत नाही आणि दात एकमेकांत अर्धेच बसतात. अर्धे बसलेले दात जोर पडताच एकमेकांना बाहेर ढकलतात. उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की गिअर सुटून येतो तो पुष्कळदा याच कारणाने. म्हणूनच एक सांधा मोठ्या प्रमाणात खराब झालेला सापडला नाही याचा अर्थ लिंकेज ठीक आहे असा घेऊ नये. सगळे सांधे थोडे थोडे झिजणे हीच या जोडणीची नेहमीची अवस्था असते.

यातील आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. कॉलम बॉडीला बांधलेला असतो आणि गिअरबॉक्स इंजिनसोबत रबरी माउंटिंगवर बसलेला असतो, म्हणजे हे रॉड एकमेकांच्या तुलनेत सतत हलणाऱ्या दोन वस्तूंना जोडतात. माउंटिंगचे रबर खचले किंवा फाटले की जोर पडताना इंजिन एका बाजूला कलते आणि कोणी हात लावलेला नसताना रॉड ओढले जातात. अशा गाडीत लिंकेज कितीही काळजीपूर्वक जुळवले तरी ते उभ्या गाडीतच जुळलेले राहते, धावत्या गाडीत राहत नाही. त्यामुळे आधी माउंटिंग आणि कॉलमला डॅशबोर्डखाली धरून ठेवणारा क्लॅम्प तपासावा आणि मगच रॉडला हात लावावा.

दोष कुठे आहे हे आधी ठरवावे

इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, सगळे गिअर एकेक करून टाकून पाहावेत. एखादा गिअर दाताला दात लागल्यामुळे पडत नसेल तर गाडी वीतभर पुढे ढकलून पुन्हा प्रयत्न करावा. बंद इंजिनवर सगळे गिअर सहज पडत असतील आणि चालू इंजिनवरच खरखर होत असेल, तर लिंकेजला सोडून द्यावे आणि क्लचकडे पाहावे, कारण क्लच पूर्ण सुटत नाही हा त्याचा सरळ अर्थ आहे. बंद इंजिनवरही अडचण येत असेल तर पुढची परीक्षा करावी.

या परीक्षेला दोन माणसे लागतात. एकाने आत बसून दांडा अगदी सावकाश हलवावा आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून कॉलमच्या पायथ्याचे आर्म पाहावेत. मूठ किती हलल्यावर आर्म हलू लागतो, आर्म हलल्यावर रॉड लगेच हलतो की थांबून हलतो, रॉड हलल्यावर गिअरबॉक्सचा आर्म केव्हा प्रतिसाद देतो, असे वरून खाली क्रमाने पाहत गेले की हालचाल कुठे हरवते ते डोळ्यांनाच दिसते. इथे तक्रारीचे स्वरूपही वाट दाखवते. दुसरा आणि तिसरा नीट पडतात पण पहिल्या-रिव्हर्सची बाजूच सापडत नाही, असे असेल तर दोष सरकण्याच्या हालचालीत, म्हणजे दांड्याच्या डोक्याशी असलेल्या झुलत्या पिनेत, परतीच्या स्प्रिंगमध्ये किंवा शाफ्टच्या बुशात शोधावा. बाजू बरोबर सापडते पण गिअर अर्धवट पडतो, असे असेल तर दोष फिरण्याच्या हालचालीत, म्हणजे आर्म आणि रॉड यांच्या सांध्यांत असतो. हा एक फरक लक्षात ठेवला तर निम्मी मेहनत वाचते, आणि गॅरेजमध्ये काम देणार असाल तरी तक्रार सांगताना तो फरक स्पष्ट करून सांगावा.

शेवटची आणि निर्णायक परीक्षा म्हणजे गिअरबॉक्सजवळचे रॉड सोडवून तिथले आर्म थेट हाताने हलवणे. गिअरबॉक्सच्या आत स्प्रिंगने दाबलेला एक छरा प्रत्येक जागेच्या खाचेत बसतो, आणि आर्म हलवताना तो खाचेत पडल्याचा स्पष्ट टक्का हाताला जाणवला पाहिजे. मागे, मध्ये आणि पुढे अशा तीन जागा ठळकपणे जाणवत असतील आणि रॉड जोडलेले असताना आर्म जिथे थांबत होता त्याच्या पुढेही हाताने जात असेल, तर गिअरबॉक्स निर्दोष आणि लिंकेज दोषी असा निवाडा निःशंकपणे करता येतो. टक्का जाणवतच नसेल, किंवा आर्म पूर्ण प्रवास करूनही गिअर सुटून येत असेल, तर मात्र आतील स्प्रिंग, काटा, सिंक्रोनायझर (गिअर पडताना वेग जुळवून देणारा भाग) किंवा बेअरिंग झिजले आहे आणि बाहेरून काही करण्यासारखे उरलेले नाही असे समजावे.

काढणे, स्वच्छ करणे, बुश बदलणे

गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक लावून चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे द्यावेत आणि बॅटरीची एक तार सोडवावी, कारण गाडी गिअरमध्ये असताना कोणी चुकून स्टार्टर मारला तर खाली असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. गाडी उचलायची असेल तर ती स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये. सायलेन्सरची नळी रॉडजवळून जात असल्याने इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय काम सुरू करू नये.

रॉड काढण्यापूर्वी प्रत्येकाचे छायाचित्र घ्यावे, कोणता रॉड कोणत्या आर्मला आणि कोणत्या बाजूने जातो याची खूण करावी, आणि आटे असलेल्या टोकावर लॉकनटच्या पुढे किती आटे दिसतात ते मोजून लिहून ठेवावे. मग सर्व सुटे भाग रॉकेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशने घासावेत. ग्रीस आणि धूळ यांचा वर्षानुवर्षे साठलेला थर निघाल्यावरच झीज दिसते. पिना मधोमध बारीक झालेल्या आढळतील, आर्मची गोल भोके लांबट झालेली दिसतील, आणि रबराचे किंवा नायलॉनचे बुश असतील तर ते पुष्कळदा हातातच तुटतील.

बुश नवा मिळाला तर उत्तमच. मुंबईत जुन्या गाड्यांच्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड धुंडाळण्याला आजही पर्याय नाही, आणि पद्मिनीचे पुष्कळसे बुश तिथे मिळू शकतात. अमेरिकी गाड्यांसाठी मात्र लेथवर बुश करून घेणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. त्या वेळी एक नियम कटाक्षाने पाळावा, तो असा की बुशचा धातू पिनेपेक्षा मऊ असावा. गनमेटल, पितळ किंवा चांगल्या प्रतीचा नायलॉन यांपैकी काहीही चालेल. पोलादी पिनेवर पोलादी बुश बसवला तर पुढच्या खेपेला पिन आणि आर्म दोन्ही बदलावे लागतात. लांबट झालेले भोक वेल्डिंगने भरून पुन्हा मापात पाडता येते, किंवा मोठे करून त्यात बाहीसारखा बुश ठोकता येतो. दुसरा उपाय मला अधिक पसंत आहे, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ आर्म वाकण्याचा धोका त्यात नसतो. पिन बुशमध्ये अंगठ्याच्या दाबाने जावी आणि फिरावी, पण हलवून पाहिली तर डुलता कामा नये, एवढी घट्ट बसवावी.

प्रत्येक सांध्यातील छोटा लहरी, म्हणजे लाटेसारखा वाकवलेला, वॉशर किंवा स्प्रिंग बिनमहत्त्वाची समजून फेकून देण्याची चूक फार ठिकाणी झालेली दिसते. इंजिन आयडलवर असताना दांडा खडखडू नये आणि सांध्याचा आडवा ढिलेपणा शोषला जावा, हे काम तेच करतात. जुन्या स्प्लिट पिना पुन्हा वापरू नयेत, त्यांची किंमत नगण्य आहे आणि तुटल्यास होणारा त्रास मोठा आहे. पायथ्याचे आर्म आणि धातूचे बुश यांना साधे ग्रीस लावावे, पण रबराच्या बुशांना आणि कॉलम बॉडीत शिरतो तिथल्या रबरी कड्याला खनिज ग्रीस लागू देऊ नये, त्याने रबर फुगते आणि सडते. तिथे सिलिकॉन ग्रीस वापरावे.

जुळवणी

दोन आर्मच्या प्रकारात जुळवणीचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सचे दोन्ही आर्म न्यूट्रलमध्ये असताना कॉलमच्या पायथ्याच्या दोन्ही खाचा समोरासमोर आणणे. प्रथम दोन्ही रॉडच्या फिरत्या टोकांचे लॉकनट ढिले करून ती टोके आर्ममधून बाहेर काढावीत. मग गिअरबॉक्सचा प्रत्येक आर्म हाताने पुढे-मागे करून मधल्या टक्क्यावर, म्हणजे न्यूट्रलमध्ये, आणून ठेवावा. गाडी जमिनीवर आणि खाली कोणी नसताना, ठोकळे काढून आणि हँडब्रेक क्षणभर सोडून ती थोडी ढकलली असता सहज सरकली तर न्यूट्रल खरे आहे असे समजावे, आणि हँडब्रेक व ठोकळे पुन्हा लावावेत. आता कॉलमच्या पायथ्याकडे यावे. तिथल्या दोन्ही आर्मना आरपार जुळणारे एक भोक असते, त्यात मापाचा ड्रिलचा दांडा किंवा सरळ गज घालावा, म्हणजे दोन्ही आर्म एका रेषेत कुलूपबंद होतात. अनेक गाड्यांत हे भोक सुमारे ५ मिलिमीटरचे, म्हणजे इंचाच्या ३/१६ मापाचे असते. भोक नसेल तर दोन्ही आर्मच्या कडांना लोखंडी पट्टी लावून त्या एका पातळीत आणाव्यात, मात्र त्याआधी आतील खाचा खरोखर जुळतात का ते टॉर्चच्या उजेडात पाहून घ्यावे.

यानंतर प्रत्येक रॉडचे फिरते टोक आट्यांवर असे पुढे-मागे करावे की ते गिअरबॉक्सच्या आर्मच्या भोकात कोणताही ताण न देता, स्वतःच्या वजनाने जाईल. संपूर्ण कामातील ही सर्वांत नाजूक जागा आहे. टोक बोटाने दाबून बसवावे लागत असेल तर लांबी अजून चुकलेली आहे, आणि तो दाब सोडल्यावर आर्म न्यूट्रलपासून सरकणारच, हे ध्यानात घेऊन अर्ध्या फेऱ्याचा कंटाळा करू नये. लॉकनट आवळताना दुसऱ्या पान्याने टोक धरून ठेवावे, नाहीतर आवळण्याच्या जोराने ते फिरते आणि केलेले माप वाया जाते. शेवटी गज काढावा आणि दांडा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे दहा-वीस वेळा न्यूट्रलमधूनच सरकवून पाहावा. कुठेही कड लागल्याची जाणीव होता कामा नये. मग सगळे गिअर टाकून पाहावेत, आणि प्रत्येक गिअरमध्ये टक्का जाणवल्यानंतरही दांड्याला पुढे थोडीशी जागा उरते का हे तपासावे. ती उरली पाहिजे. दांडा कॉलमच्या टोकाला आधीच टेकत असेल तर काटा पूर्ण प्रवास करीत नाही.

पायथ्याचे आर्म शाफ्टवर मोकळे फिरावेत पण आडवे डुलू नयेत, यासाठी त्यांच्यामध्ये पातळ वॉशर दिलेले असतात. आर्म हाताने धरून आडवा हलवल्यास डुलत असेल तर पिन खाचेतून निसटते, आणि रॉडची लांबी कितीही बदलली तरी हा दोष जात नाही. तिथे वॉशरच वाढवावा लागतो.

निवडणाऱ्या आणि टाकणाऱ्या रॉडच्या प्रकारात क्रम थोडा वेगळा असतो. आधी गिअर टाकणारा रॉड जुळवून न्यूट्रलमध्ये दांडा त्याच्या ठरलेल्या जागी आणावा, म्हणजे वर आणि खाली दोन्ही दिशांना त्याला सारखा प्रवास मिळेल. त्यानंतर निवडणारा रॉड किंवा केबल अशी जुळवावी की दोन्ही टोकांच्या रेल सारख्याच सहजतेने सापडतील. एका टोकाचा गिअर अडत असेल आणि दुसऱ्या टोकाचा मुठीला भरपूर जागा शिल्लक ठेवून पडत असेल, तर रॉडची लांबी दुसऱ्या बाजूला झुकलेली आहे. एका वेळी एकच फेरा बदलावा आणि प्रत्येक फेऱ्यानंतर सगळे गिअर पुन्हा तपासावेत. दोन रॉड एकदम बदलले तर कशाचा परिणाम झाला हे कळत नाही.

रस्त्यावर दांडा अडकला तर

दोन आर्मची गाडी चौकात अडकली तर दांड्यावर जोर लावू नये, त्याने पिन किंवा आर्म वाकतो. इंजिन बंद करावे, हँडब्रेक लावावा, बॉनेट उघडून कॉलमच्या पायथ्याशी पाहावे. दोन आर्मपैकी एक दुसऱ्यापेक्षा पुढे किंवा मागे दिसेल. तो हाताने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ढकलून दुसऱ्याच्या रेषेत आणला की दांडा लगेच मोकळा होतो. हे घरी पोहोचण्यापुरते आहे. त्यानंतर बुश आणि वॉशर पाहिलेच पाहिजेत, कारण एकदा अडकलेली जोडणी पुन्हा अडकते.

चालवण्याची सवयही इथे कामाची ठरते. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दांडा तिरका खेचू नये. खालून न्यूट्रलपर्यंत वर आणावा, स्प्रिंगला तो पलीकडच्या बाजूला नेऊ द्यावा आणि मग वर न्यावा. जुन्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला पुष्कळदा सिंक्रोमेश, म्हणजे वेग जुळवून देणारी सोय, नसते, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नये. दांड्यावर हात ठेवून गाडी चालवण्याची सवय असेल तर ती सोडावी, कारण त्या हाताचे वजन रॉडमधून थेट काट्यावर येते आणि काटा झिजत राहतो.

दांडा जमिनीवर घेण्याविषयी

हा बदल आजही सुचवला जातो आणि करणाऱ्यांचे समाधानही होत असेल, पण ज्याला गाडी जपायची आहे त्याने तो करू नये असे मला मनापासून वाटते. त्यासाठी जमिनीचा पत्रा कापावा लागतो, सलग सीटला खाच पाडावी लागते, आणि ज्या मांडणीमुळे त्या गाडीत पुढे तिघांना ऐसपैस बसता येते तीच संपते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, आणि तिच्या चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल झालेला नसावा अशी त्यात अपेक्षा आहे. कापलेला पत्रा नंतर भरता येतो, पण भरलेला म्हणूनच ओळखला जातो. चार बुश, दोन पिना आणि एका दुपारची मेहनत यांनी जे काम होते, त्यासाठी ही किंमत मोजण्याचे कारण नाही.

जुळवणीनंतर पहिले शे-दोनशे किलोमीटर झाले की लॉकनट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत आणि नवे बुश बसल्यामुळे रॉडच्या लांबीत फरक पडला असेल तर गज घालून माप पुन्हा पाहावे. नंतर दरवर्षी पावसाळा संपल्यावर गाडीखालचा चिखल धुऊन सांध्यांत नवे ग्रीस भरावे, कारण पाणी आणि मातीचे मिश्रण बुशांना पॉलिश पेपरसारखे घासत असते. दरवर्षीच्या त्या तपासणीत स्प्लिट पिना, लहरी वॉशर आणि इंजिन माउंटिंग यांच्याकडेही लक्ष द्यावे.